गोलाचं जाळं

एकोणीस वर्षं झाली,
खालचीवाडी इलेव्हननं काही जिंकलेलं नाही.
बऱ्याचदा पहिल्याच फेरीत, सहा वेळा पेनल्टीवर,
एकदा तर आमच्याच बॅकच्या डोक्याला लागून.
तो बॅक, रुझार, आता दोन मुलींचा बाप आहे.
अजूनही बाजारात कोणी 'हेडर' म्हटलं
की सुंगटांचा भाव न विचारताच पुढे जातो.

मी शिरोड्याला बर्फाच्या कारखान्यात वजनाची वही लिहितो.
मोजायची सवय हाताला लागलेली.
परवा आरोंद्याहून हरून येताना
टेम्पोच्या हौद्यात मी सगळ्यांसमोर विचारलं,
आपल्याएवढं दुःख या किनाऱ्यावर आहे का कुणाला?

इनास म्हणाला, नाय.
बाबल म्हणाला, आंबेवाले बघ,
मोहोर जळला की वर्ष जळलं.
पण आंबेवाल्याला धुकं दिसतं, तुडतुडा दिसतो,
तलाठी येतो, पंचनामा होतो, अर्ज भरता येतो.
एकोणनव्वदाव्या मिनिटाला बाराला लागून परतलेल्या बॉलचा
पंचनामा कुठल्या तलाठ्यानं केला?

मग शंकासुराचं नाव निघालं.
भिवा तळवणेकर तीस वर्षं
जत्रेजत्रेतून रोज रात्री मरतायत.
खरं आहे, पण त्यांना मरायची बिदागी मिळते,
आणि मेल्यावर उठून पडद्यामागे चहा.
आम्ही वर्गणी काढून मरतो.

टेम्पो हसला.
दुःखात तरी आमचा पहिला नंबर आला
असं जवळजवळ ठरलंच होतं
तेवढ्यात खाडीजवळचं वळण आलं
आणि ड्रायव्हरनं न सांगता गाडी थांबवली.
जाळं उतरवायचं होतं.

आमच्या गोलाला मासेमारीचं जुनं जाळं असतं.
सत्यभामाकाकीचं. म्हणजे तिच्या अंकुशचं.
अंकुश आमचा गोलकीपर.
तो म्हणायचा, होडीवर असताना हे जाळं रिकामं यायचं,
गोलाला बांधल्यापासून
एकदाही रिकामं आलेलं नाही.
आम्ही हसायचो. तोही हसायचा, गोल खाऊन.

आठ वर्षांपूर्वी एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला.
ट्रॉलरच्या दोन फळ्या मिळाल्या, एक डिझेलचा कॅन.
सात वर्षं झाली की कागद मिळतो म्हणतात.
काकी कागद आणायला गेलेली नाही.

तिनं पडवीतला दिवा लावला,
जाळं मांडीवर घेतलं.
"कितके?"
"तीन."
"ह्यां खंय फाटला?"
"त्यांच्या नऊ नंबरनं मारला."
"जोरात मारल्यान मगे," म्हणाली,
आणि सुईत दोरा ओवताना, माझ्याकडे न बघता,
"तुमका शिट्टी तरी ऐकाक येता रे."

बाहेर टेम्पोत इनास अजून वाद घालत होता.
त्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.
मला वाटलं उठून त्याला गप्प करावं.
मग वाटलं, असू दे.
त्याची पेनल्टीही हुकलेलीच आहे,
आज साडेपाचला हुकली,
आणि आज रात्री तो जेवणार नाही हेही खरंच आहे.
माझ्या वहीत किलो आहेत, ग्रॅम आहेत,
याला रकाना नाही.

गाठी मारून झाल्या.
ओल्या जाळ्याला मैदानाच्या मातीचा वास, आणि खाली कुठेतरी
अजून बांगड्याचा.
मी ते खांद्यावर घेतलं तेव्हा काकीनं विचारलं,
"पुढली म्याच?"
"रविवारी. मोचेमाडाबरोबर."
"गोलात कोण?"
"माझा भाचा. सोळा वर्षांचा."
तिनं दातांनी दोरा तोडला.
"त्येका सांग, डावी बाजू राख.
अंकूक ती कधी जमाक नाय.
कितके येळा सांगलंय."